लोगो बदलतो तेव्हा काय काय बदलतं?

एखाद्या कंपनीने लोगो बदलल्याची बातमी आली की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो. एक चित्र काढायचं आणि दुसरं लावायचं, एवढ्याला वर्ष-दोन वर्षं का लागतात? रस्त्यावर तर त्याच कंपनीच्या गाड्यांवर जुना आणि नवा असे दोन्ही लोगो दिसत राहतात. हा ढिसाळपणा की ठरवून केलेलं काम?

याचं उत्तर शोधायला नाशिकच्या सातपूरइतकी चांगली जागा मिळणार नाही. त्र्यंबक रोडलगतच्या या औद्योगिक वसाहतीत महिंद्रा आहे, सीएट आहे आणि बॉश आहे. या तिघांनीही 2008 ते 2021 या काळात आपली ओळख बदलली, आणि तिघांचा बदल तीन वेगळ्या प्रकारचा होता.

1. आधी धोरण, मग चित्र

जुना लोगो बघून कंटाळा आला, एवढ्या कारणासाठी सहसा कुणी तो बदलत नाही. त्याच्यामागे धंद्याचा एखादा निर्णय असतो. आपण कोणाला काय विकतो आणि गिऱ्हाइकाने आपल्याला कोणत्या नावाने ओळखावं, याबद्दलच्या निर्णयांना मिळून ब्रँड धोरण म्हणतात. ते बदललं की लोगोची पाळी येते.

सातपूरची तीन उदाहरणं पाहू.

पहिलं बॉशचं. 1951 साली स्थापन झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी म्हणजे आपली ‘मायको’. जानेवारी 2008 मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. इथे स्थानिक नाव मागे घेऊन मूळ जर्मन कंपनीचं नाव पुढे आणलं गेलं. वर्तुळातल्या आर्मेचरचं बॉशचं चिन्ह 1918 पासूनचं आहे. गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने ते काढलं होतं. म्हणजे चिन्ह जुनंच होतं, त्याच्या शेजारचं नाव बदललं.

दुसरं सीएटचं. 2008 मध्येच सीएटने नवा लोगो आणला आणि वर्षानुवर्षं जाहिरातींत दिसणाऱ्या गेंड्याला निरोप दिला. नाव तेच राहिलं, चेहरा बदलला.

तिसरं महिंद्राचं. ऑगस्ट 2021 मध्ये महिंद्राने एसयूव्ही गाड्यांसाठी ‘ट्विन पीक्स’ हे नवं चिन्ह जाहीर केलं. ट्रॅक्टर आणि व्यावसायिक वाहनांवर मात्र आधीचं अंडाकृती ‘रोड अहेड’ चिन्हच ठेवायचं ठरलं. नाव एक, पण चिन्हं दोन झाली.

तिघांत हा तिसरा प्रकार सांभाळायला सगळ्यात अवघड. सगळं बदलायचं असेल तर हुकूम सोपा असतो. काही बदलायचं आणि काही मुद्दाम तसंच ठेवायचं असेल, तर प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करावा लागतो.

2. एक नाव, दोन चिन्हं

महिंद्राचा निर्णय जरा जवळून पाहू. नवं चिन्ह पहिल्यांदा आलं एक्सयूव्ही 700 या गाडीवर. तिचं उत्पादन चाकणला होतं. सातपूरच्या कारखान्याशी बोलेरो, स्कॉर्पिओ, थार ही नावं जोडलेली आहेत. या गाड्यांवर नवं चिन्ह एका दिवसात आलं नाही. जिची सुधारित आवृत्ती यायची, तिच्यावर ते चढत गेलं. जुन्या स्कॉर्पिओची ‘क्लासिक’ झाली ती ऑगस्ट 2022 मध्ये, आणि तेव्हा तिच्यावर ट्विन पीक्स दिसलं. एप्रिल 2024 मध्ये एक्सयूव्ही 300 ची जागा घेणारी थ्रीएक्सओ आली, ती हे चिन्ह घेऊनच.

गाड्यांबरोबर दुकानंही होती. नवी ओळख 823 शहरांतल्या 1300 विक्री आणि सेवा केंद्रांपर्यंत 2022 पर्यंत पोहोचवायची, असं कंपनीने तेव्हाच जाहीर केलं होतं. एका केंद्रावर काय काय असतं ते आठवून बघा. दर्शनी पाटी, रस्त्यालगतचा खांब, आतली भिंत, गणवेश, पावतीपुस्तक, किल्लीची साखळी, टेस्ट ड्राइव्हच्या गाडीवरचं स्टिकर. याला 1300 ने गुणा.

आता एक पेच बघा. बोलेरो ही एसयूव्ही आहे आणि बोलेरो पिकअप हे मालवाहू वाहन. नियमाप्रमाणे पहिलीवर नवं चिन्ह येणार आणि दुसरीवर जुनं राहणार. एखाद्या माणसाने संगणकावर ‘बोलेरो’ शब्द शोधून दिसेल तिथे नवा लोगो टाकला, तर निम्मं काम बरोबर होईल आणि निम्मं चुकेल. कोणत्या उत्पादनावर कोणतं चिन्ह, हे एका ठिकाणी, निःसंदिग्धपणे लिहिलेलं असणं म्हणूनच गरजेचं आहे. ते जिथे लिहिलेलं असतं, त्या व्यवस्थेला डिझाइन सिस्टिम म्हणतात.

3. डिझाइन सिस्टिम म्हणजे काय?

कल्पना नवी नाही. 1975 मध्ये अमेरिकेच्या नासाने लाल अक्षरांचा नवा लोगो स्वीकारला. रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न या डिझाइनरांनी त्यासोबत एक नियमपुस्तिका दिली. लेटरहेडवर लोगो कुठे बसेल, मोटारीच्या दारावर किती मोठा असेल, अवकाशयानावर कुठे येईल, सगळं त्यात आखून दिलेलं होतं. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या कंपन्या अशाच जाडजूड पुस्तिका छापत राहिल्या.

छापील पुस्तिकेत एक अडचण असते. ती नियम सांगते, पण ते पाळून घेऊ शकत नाही. पुस्तिका कपाटात राहते आणि छपाईवाला त्याच्याकडची जुनीच फाइल वापरतो. डिझाइन सिस्टिम ही अडचण दूर करते. तिच्यात नियमही असतात आणि प्रत्यक्ष वापरायच्या वस्तूही: लोगोच्या फाइली, रंग, अक्षरं, बटणं, पाट्यांचे आराखडे. वेबसाइट आणि ॲप या वस्तूंची नक्कल करून घेत नाहीत, थेट तिथूनच घेतात. मूळ ठिकाणी बदल केला की तो पुढे जातो.

सातपूरच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल, कारण तो रोज ड्रॉइंगवर काम करतो. मापात बदल झाला की ड्रॉइंगची रिव्हिजन वाढते: ‘ए’ची ‘बी’ होते. काय बदललं, कोणी बदललं, कोणत्या तारखेला, हे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत येतं. मशीनवरची जुनी प्रत परत घेतली जाते आणि तिच्यावर ‘कालबाह्य’ शिक्का बसतो. जुन्या प्रतीवर जॉब काढला तर तो रिजेक्ट होतो आणि ऑडिटमध्ये शेरा येतो. मूळ प्रत एकच, तिचा ताबा एकाकडे, आणि बाकीच्यांनी तिच्याकडूनच घ्यायचं. डिझाइन सिस्टिमही याच शिस्तीवर चालते. फरक इतकाच की मापाच्या जागी लोगो, रंग आणि अक्षरं असतात.

म्हणून मला वाटतं की कारखानदारीच्या गावाला ही विद्या परकी नाही. पिस्टनच्या व्यासाला आपण जी शिस्त लावतो, ती लोगोला लावत नाही, एवढंच.

4. लोगो म्हणजे एक फाइल नव्हे

‘लोगो पाठवा’ असं आपण सहज म्हणतो. पण कोणता? रंगीत छपाईसाठी एक लागतो, रबरी शिक्क्यासाठी एकरंगी लागतो. पांढऱ्या पाटीवर गडद लागतो आणि काळ्या पाटीवर फिका. मोबाइलच्या ॲपच्या चौकोनात नाव मावत नाही, तिथे नुसतं चिन्ह लागतं. प्रत्येक उत्पादनाचे असे अनेक अवतार असतात.

हिशेब करून पाहू. समजा, पंपाचे कंट्रोलर बनवणारा एक छोटा कारखाना आहे. त्याची तीन उत्पादनं आहेत: घरगुती, औद्योगिक आणि शेतीसाठीचं. प्रत्येकाच्या लोगोची तीन रूपं: नावासह चिन्ह, नुसतं चिन्ह आणि एकरंगी. प्रत्येक रूप फिक्या आणि गडद अशा दोन पार्श्वभूमींसाठी.

3 उत्पादनं × 3 रूपं × 2 पार्श्वभूमी = 18 फाइली.

आता मालकाने ठरवलं की घरगुती आणि औद्योगिक मालाला नवं चिन्ह द्यायचं, आणि शेतीच्या मालावर शेतकऱ्यांच्या ओळखीचं जुनंच ठेवायचं. बदलायच्या फाइली किती? 2 × 3 × 2 = 12. उरलेल्या 6 ना हात लावायचा नाही.

या कारखान्याची वेबसाइट आणि ॲप मिळून लोगो 65 जागी दिसतो असं धरू. त्यातल्या 20 जागा शेतीच्या मालाच्या आहेत. डिझाइन सिस्टिम नसेल तर एका माणसाला 65 जागा उघडून बघाव्या लागतील, 45 बदलाव्या लागतील आणि 20 सोडाव्या लागतील. संध्याकाळी सहा वाजता थकलेला माणूस यात चुकणारच. डिझाइन सिस्टिम असेल तर त्या 65 जागांपैकी प्रत्येक जागा ‘मला घरगुती उत्पादनाचा लोगो दे’ किंवा ‘शेतीचा दे’ एवढंच मागते. 12 फाइली मूळ ठिकाणी बदलल्या की 45 जागा आपोआप नव्या होतात आणि 20 जशाच्या तशा राहतात.

हे जमायला एक पथ्य पाळावं लागतं. फाइलीचं नाव तिच्या कामावरून ठेवायचं, रूपावरून नाही. ‘लाल-लोगो’ असं नाव ठेवलं आणि उद्या लोगो निळा झाला, तर नाव खोटं ठरतं. ‘नवा-लोगो-फायनल-2’ हे नाव तर दुसऱ्याच दिवशी निरुपयोगी होतं. ‘घरगुती, नुसतं चिन्ह, गडद पार्श्वभूमी’ हे नाव लोगो दहा वेळा बदलला तरी खरंच राहतं.

याच कारणासाठी उत्पादनाचं नाव आणि चिन्ह एका चित्रात चिकटवून ठेवू नयेत. नोव्हेंबर 2024 मध्ये महिंद्राने आणलेल्या विजेवरच्या गाडीचं नाव ‘बीई 6ई’ होतं. ‘6ई’ ही तर इंडिगो विमानसेवेची ओळख. तिने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि डिसेंबरमध्ये महिंद्राने गाडीचं नाव ‘बीई 6’ असं करत असल्याचं जाहीर केलं. आपला हक्क न्यायालयात मांडत राहू, असंही कंपनीने तेव्हा म्हटलं. घोषणेनंतर दोनेक आठवड्यांत नावातलं एक अक्षर गेलं. नाव आणि चिन्ह वेगवेगळी ठेवलेली असतील तर असा बदल एका ओळीचा असतो. एकत्र चिकटवलेली असतील तर प्रत्येक चित्र पुन्हा काढावं लागतं.

5. किती सारखं, किती वेगळं?

एकाच घरच्या उत्पादनांचे लोगो एकमेकांसारखे दिसावेत, असं धोरण आखणाऱ्याला वाटतं. वापरणाऱ्याला मात्र ते पटकन वेगळे ओळखू यायला हवे असतात. ही ओढाताण प्रत्येक बदलात असते.

गूगलने ऑक्टोबर 2020 मध्ये ‘जी सूट’चं नाव ‘गूगल वर्कस्पेस’ केलं. मेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट ही सगळी मिळून एकच गोष्ट आहे असं सांगायचं होतं. म्हणून सगळ्यांच्या चिन्हांत तेच चार रंग आले. धोरण चित्रात नेमकं उतरलं. पण आधी जीमेल लाल आणि कॅलेंडर निळं असं रंगावरून कळायचं, ते आता कळेना. छोट्या पडद्यावर सगळी चिन्हं सारखीच दिसतात, अशी तक्रार अनेकांनी केली.

यातून एक चाचणी घेता येते, आणि तिला पैसे लागत नाहीत. सगळ्या उत्पादनांचे नवे लोगो नखाएवढे करून एका कागदावर छापा. तोच कागद काळ्या-पांढऱ्यातही छापा. मग डिझाइनशी संबंध नसलेल्या माणसाला, उदाहरणार्थ स्टोअर्समधल्या माणसाला, हातभर अंतरावरून दाखवून विचारा, यातलं शेतीचं कोणतं? तो अडखळला तर गिऱ्हाईकही अडखळणार.

6. रिव्हिजन वाढवायची म्हणजे काय करायचं?

डिझाइन सिस्टिमला आवृत्तीचा क्रमांक असतो आणि तो बहुधा तीन भागांत लिहितात, जसं 2.3.1. शेवटचा आकडा किरकोळ दुरुस्तीचा: लोगोची एक कड नीट केली. मधला आकडा भर घातल्याचा: नवं उत्पादन आलं, त्याचा लोगो जोडला. पहिला आकडा वाढला की समजायचं, आता जुनं जसंच्या तसं चालणार नाही. धोरण बदलून लोगो बदलले की 2.3.1 वरून थेट 3.0.0 होतं. नुसता आकडा बघूनच समोरच्या माणसाला कळतं की हा बदल डोळे मिटून घ्यायचा नाही.

जुना लोगो लगेच पुसून टाकायचा नसतो. त्याच्या जाण्याला तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात जुना चालतो, पण वापरणाऱ्याला सूचना दिसते: हा अमुक तारखेला बंद होणार, त्याऐवजी तो घ्या. दुसऱ्या टप्प्यात नव्या कामासाठी जुना मिळत नाही, पण चालू असलेलं काम मोडत नाही. तिसऱ्या टप्प्यात तो सिस्टिममधून निघतो आणि संग्रहात जातो. प्रत्येक टप्प्याला तारीख हवी. तारीख नसलेली सूचना कुणी वाचत नाही.

इथे संगणकाची एक खोड माहीत असावी. एकदा पाहिलेलं चित्र ब्राउझर स्वतःजवळ साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पान लवकर उघडतं. फाइलीचं नाव तेच ठेवून आतलं चित्र बदललं, तर ऑफिसात नवा लोगो दिसतो आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर कित्येक दिवस जुनाच. म्हणून लोगोचं कामाचं नाव तेच ठेवायचं आणि प्रत्यक्ष पाठवल्या जाणाऱ्या फाइलीच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घालायचा. नाव वेगळं दिसलं की ब्राउझर नवी फाइल मागवतो.

7. पडद्यावरचं सोपं, साच्यातलं अवघड

आतापर्यंतचं काम खुर्चीत बसून होणारं होतं. सातपूरमध्ये लोगो पडद्याबाहेर पडतो आणि प्लास्टिक, रबर, पोलाद यांत उतरतो. तिथे एक कळ दाबून काही बदलत नाही.

गाडीच्या जाळीवरचा चकचकीत बॅज साधारणपणे एबीएस प्लास्टिकचा असतो. साच्यात प्लास्टिक भरून तो काढतात आणि मग त्यावर क्रोमचा मुलामा देतात. नवा लोगो म्हणजे नवा साचा, नवे नमुने, मुलामा उन्हापावसात टिकतो का याच्या चाचण्या. बॅजच्या मागे खुंट्या असतील तर त्यांची भोकं जाळीत असतात. नव्या बॅजच्या खुंट्या दुसरीकडे आल्या तर जाळीही बदलावी लागते. स्टिअरिंगच्या मधोमध जो लोगो असतो, त्याच्यामागे एअरबॅग असते. ती उघडताना वरचं झाकण ठरल्या रेषेवरच फाटलं पाहिजे आणि बॅज सुटून अंगावर येता कामा नये. म्हणून तिथला लोगो हा सुरक्षेचा भाग आहे. काही गाड्यांत समोरच्या बॅजमागे रडार बसवलेलं असतं. तिथे धातूचा साधा मुलामा चालत नाही, कारण रडारच्या लहरी त्यातून पार होत नाहीत.

टायरचं आणखी वेगळं. टायरच्या बाजूवर दिसणारं नाव चिकटवलेलं किंवा छापलेलं नसतं. कच्चा टायर साच्यात घालून उष्णता आणि दाबाखाली पक्का करतात, आणि साच्यात उलटं कोरलेलं नाव त्याच वेळी रबरावर सुलटं उमटतं. टायर कंपनीने लोगो बदलला की प्रत्येक मापाच्या आणि प्रत्येक नक्षीच्या साच्याचा बाजूचा भाग बदलावा किंवा पुन्हा कोरावा लागतो. ते काम चालू असेपर्यंत तो साचा उत्पादनात नसतो. आता लक्षात येईल की कंपन्या नव्या मॉडेलची किंवा साचा झिजून बदलायच्या वेळेची वाट का बघतात. त्या वेळी खर्च तसाही होणार असतो, त्यातच लोगो बसवून घेता येतो.

कधी बदलायचं, हे हिशेबाने ठरतं. आपल्या कंट्रोलरच्या कारखान्याकडे जुन्या लोगोची 8,000 स्टिकर शिल्लक आहेत आणि आठवड्याला 500 लागतात असं धरू. 8,000 ÷ 500 = 16 आठवडे पुरतील. मालकाला दहाव्या आठवड्याच्या शेवटी बदल करायचा आहे. तोवर 5,000 संपतील आणि 3,000 उरतील. एक स्टिकर 2 रुपयांचं असेल तर नुकसान 6,000 रुपये. आता प्रश्न स्पष्ट झाला: 6,000 रुपये वाचवण्यासाठी आणखी सहा आठवडे वेबसाइटवर नवा आणि मालावर जुना असे दोन चेहरे चालतील का? उत्तर काहीही असो, आकडा समोर ठेवून दिलेलं असलं पाहिजे. आणि नवी स्टिकरं यायला चार आठवडे लागत असतील तर ऑर्डर सहाव्या आठवड्याच्या शेवटी गेलीच पाहिजे.

8. जुना लोगो कुठे राहिला पाहिजे?

लोगो बदलताना उत्साहाच्या भरात सगळंच पुसून टाकावंसं वाटतं. पण काही जागी जुनाच बरोबर असतो.

पहिली जागा सुट्या भागांची. 2019 ची गाडी अपघातानंतर दुरुस्तीला आली तर तिच्या मालकाला त्याच मॉडेलचा, त्याच लोगोचा बॅज हवा असतो. म्हणून नव्या बॅजला नवा भाग क्रमांक द्यायचा. जुन्या क्रमांकाखाली नवा माल घुसवायचा नाही. एकाच्या जागी दुसरं चपखल बसत नसेल तर क्रमांक वेगळा, हा ड्रॉइंगचा जुना नियम इथेही लागू आहे.

दुसरी जागा कागदपत्रांची. 2018 चं बिल, वॉरंटी कार्ड किंवा तपासणीचा दाखला पुन्हा छापून दिला तर त्यावर त्या काळचाच लोगो आणि नाव असावं. संगणक जर बिल दर वेळी नव्याने तयार करत असेल आणि लोगो चालू आवृत्तीतून घेत असेल, तर 2018 च्या बिलावर आजचा लोगो उमटेल. ते कागद खोटे वाटू लागतील. इथे कागदाच्या तारखेची आवृत्ती मागवावी लागते. जुनी आवृत्ती संग्रहात जपायची ती यासाठीच.

तिसरी जागा आपल्या हाताबाहेरची. नासाने तो लाल अक्षरांचा लोगो 1992 मध्ये रद्द केला आणि आधीचा गोल निळा परत आणला. पण 1990 मध्ये पाठवलेल्या हबल दुर्बिणीवर लाल अक्षरंच होती, आणि ती तशीच पृथ्वीभोवती फिरत राहिली. पुढे 2020 मध्ये नासाने तोच लोगो पुन्हा वापरात घेतला आणि माणसं घेऊन जाणाऱ्या फाल्कन 9 रॉकेटवर तो झळकला. रद्द झाल्यावर अठ्ठावीस वर्षांनी तो असा परत आला. नाशिकमध्ये मायकोचं बॉश होऊन इतकी वर्षं झाली, तरी रिक्षावाल्याला आपण ‘मायको सर्कल’च सांगतो. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव कोणत्याही डिझाइन सिस्टिममधून बदलता येत नाही आणि बदलण्याचा हट्टही धरू नये. कंपनीच्या वेबसाइटवर जुन्या नावाने शोधणाऱ्याला नवं पान मिळेल, एवढी सोय जरूर करावी.

9. लोगोशेजारचं छोटं वर्तुळ

लोगोच्या खांद्यावर कधी ‘टीएम’ ही दोन अक्षरं असतात, तर कधी वर्तुळातला ‘आर’. दोन्हींचा अर्थ वेगळा. ‘टीएम’ म्हणजे हे आमचं व्यापारचिन्ह आहे असा दावा. वर्तुळातला ‘आर’ म्हणजे त्या चिन्हाची सरकारदरबारी नोंदणी झालेली आहे. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेलं चिन्ह नोंदणीकृत असल्याचं भासवायला मनाई आहे.

लोगो बदलताना नेमकी इथे चूक होते. जुन्या लोगोची नोंदणी होती, म्हणून त्याच्याशेजारी वर्तुळातला ‘आर’ होता. नवा लोगो काढताना तो तसाच उचलला जातो. पण नवं चिन्ह वेगळं असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि नोंदणी होईपर्यंत ‘टीएम’च लावता येतं. डिझाइन सिस्टिममध्ये ही खूण लोगोच्या चित्रात न मिसळता वेगळी ठेवली, तर नोंदणी झाल्यावर एका ठिकाणी बदल पुरतो.

जुन्या चिन्हाबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचं नूतनीकरण करता येतं. पण चिन्ह सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापरातच नसेल तर ती नोंदणी काढून टाकावी अशी मागणी दुसरा कुणी करू शकतो. जुन्या चिन्हाला अजून किंमत असेल, तर ते पूर्ण टाकून देण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं.

10. दहा माणसांच्या कारखान्याने काय करावं?

मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळा विभाग असतो. पण सातपूरच्या गाळ्यांमध्ये दहा-पंधरा माणसांवर चालणारे शेकडो उद्योग आहेत. त्यांनाही लोगो आहे, दोन-चार उत्पादनं आहेत, आणि मुलगा किंवा मुलगी धंद्यात आली की एक दिवस लोगो बदलायचा विषय निघतोच. त्यांनी महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. एक तक्ता पुरतो.

त्यात पाच रकाने करा. लोगो कुठे आहे, कोणत्या उत्पादनाचा आहे, कोणतं रूप आहे, बदलायचा की ठेवायचा, आणि कोणत्या तारखेपर्यंत. मग गेटपासून आत चालत जा आणि दिसेल तो प्रत्येक लोगो लिहा: पाटी, टेम्पोचा दरवाजा, चलन पुस्तक, खोका, मालावरची नेमप्लेट, डायवर कोरलेलं नाव, रबरी शिक्का, ईमेलच्या खालची सही, व्हॉट्सॲपवरचं चित्र, गिऱ्हाइकाकडे लावलेला बोर्ड, व्हेंडरकडे पडलेली फाइल. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. स्टिकर छापणाऱ्याच्या संगणकात जुनी फाइल राहिली तर पुढच्या ऑर्डरला जुनाच लोगो छापून येईल. त्याच्याकडून ती फाइल काढून टाकल्याचं लेखी घ्या.

मग सगळ्या मान्य फाइली एका जागी ठेवा, त्यांना कामावरून नावं द्या, आवृत्तीचा क्रमांक द्या आणि बाकीच्या प्रती पुसा. यानंतर कुणीही ‘लोगो पाठवा’ म्हणालं की फाइल न पाठवता त्या जागेचा दुवा पाठवायचा. फाइल पाठवली की तिची नक्कल होते, आणि प्रत्येक नक्कल म्हणजे पुढच्या बदलाच्या वेळी शोधावी लागणारी एक जागा. दुवा पाठवला तर माणूस दर वेळी मूळ ठिकाणीच येतो.

शेवटी, तक्त्याच्या वर एका माणसाचं नाव लिहा. लोगोत बदल करायचा अधिकार त्याचा आणि जबाबदारीही त्याचीच. ड्रॉइंगवर सही नसेल तर सातपूरचा कोणताही फोरमन जॉब मशीनवर चढवत नाही. लोगोची फाइलही सहीशिवाय छपाईला जाऊ देऊ नका.